सराफ्याची पेढी आणि बंदरावरचा कायदा

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला तो 'सुवर्णमहोत्सव' या शब्दाचाच. आम्ही राहतो जबलपूरच्या सराफ्यात आणि नोकरी केली ती सीमाशुल्क व केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात. घराच्या खिडकीतून सोने दिसे आणि कचेरीच्या टेबलावर सोन्याचा कायदा. आपल्या मंडळाचा जन्म झाला त्या काळात शुद्ध सोन्याची एखादी लगड घरात ठेवणे हा या देशात गुन्हा होता, ही गोष्ट आजच्या तरुण सभासदांना सांगितली तर त्यांना ती दंतकथा वाटते. तेव्हा सोन्याच्या आयात-निर्यातीचा आणि त्यावरील निर्बंधांचा इतिहास, आमच्या गल्लीतून जसा दिसला तसा, येथे मांडावा असे आम्ही योजिले आहे. विषय रुक्ष आहे, परंतु घरोघरच्या डब्यांतील डागांशी त्याचा संबंध असल्यामुळे वाचक तो सोसतील अशी आशा आहे.

जबलपूरला समुद्र नाही. येथून मुंबईचे बंदर दूर आणि कलकत्त्याचेही दूर. नर्मदा आहे, पण तिच्यातून गलबते येत नाहीत. असे असूनही बंदरावर जो जो कायदा झाला, तो काही दिवसांतच सराफ्याच्या पेढीवर येऊन बसला. धान्याच्या किंवा कापडाच्या पेठेला परदेशचा वारा कधी लागतो, कधी लागत नाही. सराफ्याला तो नेहमीच लागतो, कारण आपल्या देशात सोने फारसे निघत नाही. कोलारच्या खाणी होत्या, त्या 2001 साली बंद झाल्या. कर्नाटकातील हट्टीची खाण सोडली तर सोने म्हटले की ते बाहेरून आलेले, मग ते कालच्या विमानाने आलेले असो की चारशे वर्षांपूर्वीच्या जहाजाने.

चारशे वर्षांची गोष्ट आम्ही अलंकारिक अर्थाने सांगत नाही. आपल्याकडील पुतळ्यांची माळ पाहा. मराठी घरातील याहून अधिक घरगुती दागिना कोणता? परंतु ती पुतळी मुळात व्हेनिस नगरराज्याचे डुकाट नावाचे नाणे. मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात ते लाल समुद्राच्या व इराणी आखाताच्या मार्गाने आपल्या किनाऱ्यावर येई. त्यावर एका बाजूस त्यांच्या संतापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्त. आपल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या, तेव्हा त्या आकृतींचे पाहता पाहता राम-सीता झाले. शुद्धता मात्र मूळ नाण्याचीच मानली जाई, म्हणून पुतळीचे सोने म्हणजे उत्तम सोने अशी ख्याती झाली. आमच्या आजीच्या माळेतील पुतळ्यांकडे लहानपणी आम्ही निरखून पाहत असू. त्यांतील राम कोणता आणि सीता कोणती हे शेवटपर्यंत ठरले नाही.

जबलपुरात मराठ्यांचा अंमल 1781 मध्ये सागरच्या पंडितांकरवी आला. 1798 मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते घेतले. त्या काळातील सराफ हा दागिने विकणारा दुकानदार नव्हता. नाणी पारखणारा आणि बदलून देणारा तो सराफ. सागरच्या टाकसाळीचा बाळाशाही रुपया, नागपुरी रुपया आणि आणखी कितीतरी टाकसाळींची नाणी बाजारात एकाच वेळी फिरत; प्रत्येकाचा कस वेगळा आणि बट्टाही वेगळा. सैन्याचा पगार असो की यात्रेकरूची गाठोडी, नाणे आधी सराफाच्या कसोटीवर आणि तराजूत जाई. 1835 साली कंपनी सरकारने 180 ग्रेन वजनाचा एकच रुपया सर्व मुलुखांत चालू केला. पुढे रुपयाचे वजन तेच तोळ्याचे वजन ठरले. नाणी बदलण्याचा धंदा बसला, आणि सराफ हळूहळू हुंडी, गहाण आणि दागिने यांकडे वळला. सरकारी कायद्याने सराफ्याचा धंदा पालटण्याचा हा पहिला प्रसंग म्हणावा लागेल. शेवटचा अर्थातच नव्हे.

येथे थोडे विषयांतर. आयात कर म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर द्यावयाचा कर, अशी आपली समजूत असते. परंतु एकोणिसाव्या शतकात आपल्या या मध्य प्रांतातूनच एक जकातीची सरहद्द गेली होती. सिंधूकाठापासून बऱ्हाणपूर व पुढे ओरिसाच्या बाजूपर्यंत सुमारे अडीच हजार मैलांची ही रेषा होती. तिचा बराच भाग काटेरी जिवंत कुंपणाचा होता आणि तिच्यावर बारा-चौदा हजार माणसे पहारा देत. मुख्य हेतू हा, की मीठ कर दिल्यावाचून ओलांडून जाऊ नये. या खात्याचे आयुक्तपद 1867 ते 1870 या काळात अॅलन ह्यूम यांच्याकडे होते. 1885 मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारे ते हेच. 1879 च्या एप्रिलमध्ये ही रेषा मोडली गेली आणि कुंपण शेतांत विरून गेले. आमच्या खात्याचे हे पूर्वज म्हणावेत काय, याविषयी आमच्या कचेरीत एकदा वाद झाला होता. आमचे मत असे की, पूर्वज निवडता येत नाहीत.

सराफ्याला बंदराशी खऱ्या अर्थाने जोडले ते आगगाडीने. ईस्ट इंडियन रेल्वेची अलाहाबादकडून येणारी शाखा 1867 मध्ये जबलपूरला पोचली. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळ घाट चढून, खानदेश ओलांडून मार्च 1870 मध्ये येथेच तिला येऊन मिळाली. मुंबई आणि कलकत्ता लोखंडी रुळांनी जोडले गेले ते आमच्या जबलपूर स्टेशनात. त्याआधी चारच महिने, नोव्हेंबर 1869 मध्ये, सुवेझचा कालवा खुला झाला होता. लंडनहून निघालेली सोन्याची पेटी आता कालव्यातून मुंबईला व मुंबईहून गाडीने येथे, असा सरळ मार्ग झाला. आमच्या लहानपणी सराफ्यातील म्हातारे व्यापारी भाव विचारताना 'बम्बई क्या बोल रही है?' असे विचारीत. तारेचे दिवस संपून दूरध्वनी आला तरी प्रश्न तोच राहिला होता.

1893 मध्ये सरकारने टाकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या आणि 1899 पासून सोन्याची गिन्नी पंधरा रुपयांस कायदेशीर झाली. गिन्नी चलनात फारशी फिरली नाही. ती मंगळसूत्रात, माळेत आणि मडक्यात गेली. पहिल्या महायुद्धात जून 1917 मध्ये आयात होणारे सर्व सोने सरकारलाच विकले पाहिजे असा वटहुकूम निघाला. 1918 साली मुंबईच्या टाकसाळीत लंडनच्या टाकसाळीची शाखा म्हणून गिन्न्याही पाडल्या गेल्या. त्या एकाच वर्षीच्या मुंबई गिन्न्या आजही नाणेसंग्राहक शोधीत असतात.

यानंतरचा प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो आयातीचा नसून निर्यातीचा आहे. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले. रुपया स्टर्लिंगला बांधलेला होता, म्हणून तोही सोन्याच्या मानाने घसरला. तोळ्याला 21 रुपये 3 आणे 10 पै हा 1927 च्या कायद्याचा दर मागे पडून सोने चढू लागले. त्याच वेळी जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. सारा भरावयाचा, सावकाराचे व्याज द्यायचे आणि घरात विकण्यासारखे काय, तर बायकोच्या अंगावरचे. गावोगावच्या सराफांकडे गोठ, पाटल्या, सरी यांची रीघ लागली. ते आटवून लगडी झाल्या, लगडी मुंबईला गेल्या आणि तेथून जहाजांनी लंडनला. त्या दशकात तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने या देशातून बाहेर गेले. सरकारने निर्यातीवर ना बंदी घातली ना कर बसवला. देशी व्यापारी संघ आणि पुढारी ओरडत राहिले. शतकानुशतके जे सोने येथे येऊन स्थिरावते म्हणून युरोपातील अर्थशास्त्री नाक मुरडीत, ते काही वर्षांत परत गेले. निर्यात वाढली म्हणजे समृद्धी आली असे आजकाल सहज म्हटले जाते, म्हणून या निर्यातीची आठवण ठेवावी असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्याच्या वर्षी चित्र पालटले. 1947 मध्ये परकीय चलन नियमनाचा आणि आयात-निर्यात नियंत्रणाचा असे दोन कायदे आले. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून सोने आणणे बंद झाले. कारण उघड होते. परकीय चलन थोडे, आणि ते यंत्रे, धान्य व खते यांसाठी हवे. परंतु सोन्याची मागणी काही कायद्याने कमी होत नाही. जगाच्या बाजारात सोने 35 डॉलरला औंस, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने दहा ग्रॅमला 53 रुपये 58 पैसे. आपल्याकडे भाव त्याच्या दुपटीच्या आसपास. जेथे एवढी तफावत, तेथे चोरवाट निघणारच. दुबईहून मचवे निघत ते कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्याला लागत. 1961 पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे असल्याने तीही एक वाट होती. माल बहुधा दहा तोळ्यांच्या चपट्या वड्यांचा, म्हणजे 116.64 ग्रॅमच्या बिस्किटांचा असे. अंगात घालण्याच्या जाकिटाला कप्पे शिवून त्यांत शंभर शंभर बिस्किटे बसवीत. साडेअकरा किलोंहून अधिक वजन अंगावर घेऊन माणूस साळसूदपणे चालत येई. आमच्या प्रशिक्षणात असे एक जप्त जाकीट आम्हांस दाखविले होते. ते नुसते हातात धरतानाही मनगट भरून येई, मग बिस्किटे घालून चालणाऱ्याच्या पाठीचे काय होत असेल ते होवो.

आखातात राहणाऱ्या आपल्या बांधवांना एक गोष्ट रंजक वाटेल. त्या काळी कुवेत, बहारीन, कतार, दुबई या ठिकाणी चलन म्हणून आपलाच रुपया चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापाराचे पैसे नोटांनीच फेडले जात आणि त्या नोटा परत येऊन रिझर्व्ह बँकेकडे परकीय चलन मागत. म्हणून 1959 मध्ये केवळ आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या गेल्या, ज्या भारतात चालत नसत. पुढे एकेका राज्याने आपले चलन काढले, आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर तो आखाती रुपया बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला.

आता आम्ही घरच्या गोष्टीकडे येतो. राज्यपुनर्रचनेत, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपुरात आले आणि नागपूरच्या कचेरीतील पुष्कळ कारकून व वकील मंडळी त्याच्या मागोमाग येथे आली. आमचे आजोबा त्यांतीलच. त्यांनी घर घेतले ते सराफ्यात, कमानिया दरवाजापासून चालत पाच मिनिटांवर. खालच्या मजल्यावर एक मराठी सोनार राहत. आपले पूर्वज सागरच्या पंडितांबरोबर आले असे ते सांगत. त्यांची मराठी अर्धी बुंदेली झाली होती. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू, आजोबा त्यांना 'सोनारबुवा' म्हणत आणि ते आजोबांना 'बाबूसाहेब'. शेगडी, फुंकणी, ऐरण, मूस, सवागीची डबी आणि गुंजांचा तराजू एवढ्यावर त्यांचे घर चाले. संध्याकाळी दुकानाची झाडलोट न्यारिये विकत घेऊन जात आणि धुऊन त्यातले सोन्याचे कण काढीत. ती कला आजही सराफ्यातून पुरती गेलेली नाही.

1962 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनचे आक्रमण झाले. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. आमच्या आजीनेही एक अंगठी दिली. त्यानंतर सरकारने सुवर्णरोखे काढले. साडेसहा टक्के व्याज होते, परंतु सोन्याची किंमत धरली होती जागतिक बाजाराची, म्हणजे 53 रुपये 58 पैसे. सराफ्यात दुपटीला विकले जाणारे सोने त्या दराने कोण देणार? सुमारे 16 टन सोने जमले. आणि मग 9 जानेवारी 1963 रोजी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण नियम आणले. दागिन्यांखेरीज असलेले सोने घोषित करावे, व्यापाऱ्यांनी परवाना घ्यावा, आणि यापुढे 14 कॅरटहून अधिक शुद्धतेचा दागिना घडवू नये. तर्क असा की, दागिना कमी शुद्धतेचा झाला म्हणजे लोकांची हौस कमी होईल, मागणी घटेल, भाव उतरतील आणि चोरटी आयात आपोआप आटेल. बंदरावरचा चोर पकडता येईना, म्हणून ऐरणीवरचा हात धरला, असे आमचे यावर स्पष्ट मत आहे. ज्या खात्याने तो अमलात आणला त्याच खात्याचे आम्ही पेन्शनीला टेकलेले अधिकारी आहोत, तरी ते तसे आहे.

14 कॅरट म्हणजे शंभरात सुमारे 58 भाग सोने, बाकी तांबे व चांदी. असे सोने कठीण होते. ठोकताना त्याला तडा जातो, त्याचा रंग फिका पडतो आणि तांबे अधिक झाले तर तो पुढे काळवंडतो. आमच्या आई-वडिलांचे लग्न मे 1963 मधले. आजीने आपले चार तोळ्यांचे 22 कॅरटचे गोठ सुनेसाठी मोडायला काढले. सोनारबुवांनी सांगितले की, मोडता येईल, पण परत तेवढ्या कसाचे घडवता येणार नाही. मिश्रण केल्यावर चार तोळ्यांचे सहा तोळ्यांवर गेले. त्यातून पाटल्यांची जोडी आणि दोन बांगड्या झाल्या. सोने वाढले असे घरात कुणाला वाटले नाही. आजी म्हणे, 'दुधात पाणी घालून घरात लेकुरवाळेपण येत नाही.' आईने त्या पाटल्या आयुष्यभर घातल्या, परंतु हळदीकुंकवाला जाताना ती पदराखाली हात घेई हे आम्ही पाहिले आहे.

सोनारबुवांचे मात्र तेवढ्यावर भागले नाही. गिऱ्हाईक थांबले, कारण असले सोने कुणाला नको होते. देशभर लाखो कारागिरांची तीच स्थिती झाली. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत होत्या आणि संसदेतही त्यांची चर्चा झाली. आमच्या सोनारबुवांनी ऐरण गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवली आणि लाकडाच्या एका वखारीत मोजदादीचे काम धरले. गुंजेचा आठवा भाग ओळखणारी बोटे ओंडके मोजू लागली. आजोबांनी त्यांना अर्ज लिहून दिला होता एवढे घरात सांगत असत. सरकारने 1963 च्या उत्तरार्धात नियम थोडे सैल केले आणि 1966 मध्ये 14 कॅरटची अट काढली, तेव्हा ऐरण माळ्यावरून खाली आली. परंतु दोन-तीन वर्षे थांबलेला हात पुन्हा पूर्वीसारखा चालला नाही, असे ते स्वतःच म्हणत.

1968 मध्ये या नियमांचा पक्का कायदा झाला. सोनाराला प्रमाणपत्र, व्यापाऱ्याला परवाना, दोघांनाही जी.एस. या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या वह्या. ग्राहकाचा डाग आला की वजन, कस, नाव, तारीख. गेला की पुन्हा तेच. लगड, वळे अशा स्वरूपातील सोने सामान्य माणसाने ठेवायचे नाही. एका व्यक्तीकडे 2 किलोंहून किंवा एका कुटुंबाकडे 4 किलोंहून अधिक दागिने असतील तर ते घोषित करायचे. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने यातील अनेक कलमे अवाजवी म्हणून रद्द केली, मग संसदेने सुधारणा केल्या आणि कायदा चालू राहिला. जोडीला 1962 च्या सीमाशुल्क कायद्याचे 123 वे कलम होतेच. सामान्यतः गुन्हा सिद्ध करणे हे सरकारचे काम. परंतु चोरटे असावे अशा वाजवी समजुतीने सोने जप्त झाले, तर ते चोरटे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्याकडून ते घेतले त्याच्यावर. मोठ्या पेढ्यांकडे वकील होते. ज्याच्याकडे आजीने दिलेल्या वळ्याशिवाय काही नव्हते, त्याच्याकडे आजीची पावती कुठून असणार?

हा कायदा रद्द झाला तो 1990 च्या जूनमध्ये. रद्द करण्याची घोषणा अर्थसंकल्पात करणारे अर्थमंत्री होते आपले मधु दंडवते, कोकणातील राजापूरचे खासदार. सत्तावीस वर्षांत कायद्याने चोरटी आयात थांबली नाही हे तोवर सर्वांनाच कळून चुकले होते. पुढच्याच वर्षी देशावर अशी वेळ आली की 1991 च्या मे महिन्यात 20 टन सोने स्वित्झर्लंडच्या बँकेला विकावे लागले आणि जुलैत सुमारे 47 टन सोने रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतून काढून तारण म्हणून परदेशी पाठवावे लागले. गोठ आणि पाटल्या सावकाराकडे नेणारा 1931 चा शेतकरी आणि 1991 चे सरकार यांच्यात फरक एवढाच की, सरकारने आपले तारण सोडवून घेतले.

आम्ही 1993 मध्ये खात्यात निरीक्षक म्हणून रुजू झालो. त्याआधी वर्षभर, 1992 मध्ये, सहा महिने परदेशी राहून परतणाऱ्या भारतीयांना परकीय चलनात शुल्क भरून 5 किलोंपर्यंत सोने उघडपणे आणण्याची मुभा मिळाली होती. 1997 मध्ये ठरावीक बँकांना सोन्याच्या आयातीची परवानगी मिळाली. मचव्यातून येणारे सोने आता विमानाने, विमा उतरवून, बँकेच्या नावाने येऊ लागले. बंदरावर किंवा विमानतळावर आयातदार आपला कोड क्रमांक घालून 'बिल ऑफ एंट्री' भरतो. निर्यातीसाठी तसेच 'शिपिंग बिल'. माल काय, शुद्धता किती, वजन किती, किंमत किती, कोणत्या सवलतीखाली, हे लिहून खाली सही करायची. हा कागद खोटा ठरला तर माल जप्त, खरा ठरला तर काही तासांत सुटका. सारे शास्त्र एवढेच आहे. उरलेल्या गोष्टी दर आणि अधिसूचना यांच्या, आणि त्या बदलत राहतात. 2013 मध्ये शुल्क 10 टक्क्यांवर गेले आणि आयातीचा पाचवा हिस्सा निर्यातदार जवाहिऱ्यांसाठी राखून ठेवण्याची अट आली. ती 2014 च्या नोव्हेंबरात गेली. 2022 मध्ये शुल्क 15 टक्के झाले, 2024 च्या जुलैत 6 टक्के. दर चढला की विमानतळावर पोटात, चपलेत, पेस्टमध्ये सोने येऊ लागते आणि उतरला की ते कमी होते. आमच्या सर्व नोकरीत या नियमाला अपवाद पाहिला नाही.

काही वर्षे आम्ही मुंबईच्या विमानतळावर होतो. तेथील एक प्रसंग सांगतो, कारण तो दूरदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या उपयोगाचा आहे. एक मराठी बाई परदेशातून आपल्या भाच्याच्या लग्नाला आल्या. अंगावर बांगड्या, तोडे, मोहनमाळ. सारे माहेरचे, पूर्वी येथूनच नेलेले. परंतु नेताना सीमाशुल्काच्या कचेरीतून निर्यातीचे प्रमाणपत्र घेतलेले नव्हते. हे आमचेच आहे, येथूनच गेले आहे, असे त्या रडून सांगत होत्या, आणि आम्हांला ते पटतही होते. कायद्याला मात्र कागद लागतो. माल पावती देऊन ठेवून घ्यावा लागला. चार दिवसांनी त्यांच्या बंधूंनी पुण्याच्या सराफाची जुनी पावती शोधून आणली, त्यावरील वजन जुळले आणि दागिने सुटले. तोवर लग्न होऊन गेले होते. जाताना प्रमाणपत्र घ्यावे. अर्धा तास मोडतो, पण लग्न मोडत नाही. वर्षाहून अधिक परदेशी राहिलेल्या प्रवाशाला 2016 च्या नियमांनी पुरुषास 20 ग्रॅम व स्त्रीस 40 ग्रॅम दागिने शुल्काविना आणण्याची सवलत दिली होती, परंतु तीस अनुक्रमे पन्नास हजार व एक लाख रुपयांची मर्यादाही होती. सोन्याचा भाव असा चढला की वजनाची सवलत रुपयांच्या मर्यादेपुढे नावापुरतीच उरली. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहून घ्यावा.

आता एक गोष्ट राहिली, जी आम्ही आजवर घरातही फारशी बोललो नाही. नोकरीच्या आरंभी एका कार्यालयात जुने अभिलेख निकालात काढण्याचे काम आमच्याकडे आले. कायदा रद्द झालेला, मुदती उलटलेल्या, खोल्या कागदांनी भरलेल्या. सुवर्णनियंत्रणाच्या नस्त्यांचे गठ्ठे सोडून यादी करायची आणि 'नष्ट करावे' असा शेरा मारायचा. त्यात एक अर्ज सापडला. अक्षर आजोबांचे होते, वळणदार, न्यायालयातल्या कारकुनाचे. खाली सोनारबुवांची सही. प्रमाणपत्र मिळावे म्हणून विनंती होती आणि शेवटी एक ओळ होती, की अर्जदारास दुसरे कोणतेही काम येत नाही. अर्जावर कोणाचा तरी तांबड्या शाईचा शेरा होता: 'पुराव्यासह पुन्हा सादर करावा.' पुढे काय झाले त्याचा कागद नस्तीत नव्हता. आम्ही तो अर्ज दोनदा वाचला. काढून घेणे नियमाविरुद्ध होते. आम्ही तो परत गठ्ठ्यात ठेवला आणि यादीवर सही केली. आज वाटते की निदान त्याची नक्कल तरी उतरून घ्यायला हवी होती.

सोनारबुवा 1998 मध्ये गेले. त्यांचा मुलगा त्याच दुकानात बसतो. तो घडवीत नाही, तयार माल आणून विकतो. 2021 च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. प्रत्येक डागावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक लेसरने कोरलेला असतो. गेल्या वर्षी आई गेली. तिच्या पाटल्या नातीला द्यायच्या म्हणून आम्ही त्या त्याच्याकडे घेऊन गेलो. मोडून नव्या घडणीच्या करू या, असे सूनबाईचे म्हणणे होते. तो म्हणाला, 'दादा, आधी तपासून घेऊ,' आणि मुलाला पाटल्या देऊन तपासणी केंद्रावर पाठवले. तेथे आता कसोटीचा दगड नसतो, क्ष-किरणांचे यंत्र असते. तासाभराने मुलगा चिठ्ठी घेऊन आला. सोने 58.4 टक्के. दुकानदाराने चष्मा वर करून ती चिठ्ठी पाहिली आणि हसून म्हणाला, 'दादा, हे तर आता सरकारी यादीत आहे. 14 कॅरट, 585, यावर सरकारचा शिक्का मिळतो. परदेशातली गिऱ्हाइकं मुद्दाम हेच मागतात, म्हणतात रोज वापरायला टणक बरं.'

पाटल्या मोडल्या नाहीत. एका पाटलीच्या आतल्या बाजूस, जोडाजवळ, डाक दिल्याची एक बारीक रेघ आहे. तेथे 1963 च्या मे महिन्यात सोने तडकले होते आणि सोनारबुवांनी ते पुन्हा जोडले होते.